तरीसुद्धा, कल कुठे?

"फाशी द्यायलाच पाहिजे," ती बाई म्हणाली, आणि मग मुलीच्या केसांत कंगवा तसाच अडकवून ठेवून तिनं विचारलं, "पण ते करतं कोण हो? म्हणजे, कुणाला तरी तिथं जाऊन उभं राहावं लागत असेल ना?" दारोदार जाऊन प्रश्न विचारणं हाच जिचा धंदा, तिला उलटे प्रश्न नवे नव्हते. लोक विचारतात. तुम्ही कुणाकडून आलात, आमचंच घर का, यातून आम्हाला काय मिळणार, तुमचं लग्न झालंय का. प्रत्येकाला एक ठरलेलं उत्तर असतं आणि ते तोंडातून आपोआप बाहेर पडतं. आताही पडलं. "यात तुमचं स्वतःचं मत महत्त्वाचं आहे," ती म्हणाली. "माझं काय," बाई हसली, "मी कुठं जाणार आहे बघायला. ठेवावी म्हणून टाका." मुलगी "आई गं" म्हणाली, कारण कंगवा पुन्हा चालू झाला होता. प्रश्न विचारणारीनं टॅबवर 'ठेवावी' या शब्दावर बोट टेकवलं, आभार मानले आणि ती जिना उतरू लागली. खालच्या वळणावर तिच्या लक्षात आलं की आपण कठडा घट्ट धरून उभ्या आहोत. पडण्यासारखं काही नव्हतं. जिना रुंद होता, उजेड होता. बाईच्या प्रश्नाचं उत्तर तिला माहीत होतं, एवढंच. तिथं जाऊन उभा राहणारा माणूस या वेळी तिच्याच स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून मटार सोलत असेल, आणि दाणे एका भांड्यात न टाकता अर्धे वाटीत, अर्धे तोंडात टाकत असेल. उद्या सकाळी दादा येऊन त्याला घेऊन जाणार होता.

पाहणीतला प्रश्न साधा होता. गंभीर गुन्ह्यांसाठी मृत्युदंडाची शिक्षा कायद्यात ठेवावी, काढून टाकावी, की सांगता येत नाही? कायद्यात ती होतीच, पण कित्येक वर्षांत कुणाला दिली गेली नव्हती. कोर्टं शिक्षा सुनावत होती आणि पुढं कागद कुठंतरी अडून राहत होता, आणि तसं चालून जात होतं. मग शाळेतून घरी निघालेल्या एका मुलीचं ते प्रकरण झालं आणि शहर रस्त्यावर आलं. गाड्यांच्या काचांवर, दुकानांच्या शटरवर, बसथांब्यावरच्या जाहिरातीतल्या बाईच्या कपाळावरसुद्धा लोकांनी चिकटवलं होतं, फाशी द्या. सरकार गडबडलं, आणि गडबडलेलं सरकार करतं तेच त्यानं केलं, लोकांचं मत मागवलं. "ऐकावे जनाचे, पण आधी मोजावे," असं टक्केवाले म्हणायचे. टक्केवाले म्हणजे तिच्या ऑफिसातले पर्यवेक्षक. घरी भांडण झालं तरी कुणाची चूक किती टक्के हे ठरल्याशिवाय ते जेवायला बसत नाहीत अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी सगळ्यांकडून पद्धत घोटून घेतली होती. कोपऱ्यावरच्या घरापासून सुरुवात करायची, डावा हात भिंतीकडे ठेवून चालत राहायचं, मधली ठरलेली घरं सोडायची, आणि दार उघडणाऱ्याला नाही, तर ज्याचा वाढदिवस सगळ्यांत अलीकडे होऊन गेला अशा घरातल्या मोठ्या माणसाला विचारायचं, नाहीतर जगात फक्त दार उघडणाऱ्यांचीच मतं मोजली जातील. प्रश्न छापलाय तसा वाचायचा. चेहऱ्यावर काही येऊ द्यायचं नाही. उत्तर ऐकून 'वा' म्हणायचं नाही, 'अरेरे' म्हणायचं नाही, 'अस्सं' तर मुळीच नाही, कारण 'अस्सं'मध्ये पुष्कळ काही मावतं. म्हणायचं फक्त 'ठीक आहे'. इतकी वर्षं म्हणून म्हणून ते तिच्या जिभेला असं बसलं होतं की तिच्या मुलीनं फोनवर परीक्षेत नापास झाल्याचं सांगितलं तेव्हाही ती आधी 'ठीक आहे' म्हणाली होती, आणि मुलगी पलीकडे गप्प झाली होती.

लोक भराभरा उत्तरं देत होते. दाढीचा फेस लावलेल्या एकानं आरशातूनच सांगितलं, "लटकवा." एक आजोबा म्हणाले, "दोनदा द्या," तेव्हा आतून त्यांची सून म्हणाली, "ह्यांना झुरळ मारवत नाही, मला हाक मारतात." एका तरुण मुलानं "थांबा हां, ग्रुपवर विचारून सांगतो" असं सांगितलं आणि त्याला समजवावं लागलं की तुझं एकट्याचं हवंय, तो इतका गोंधळला की तिला त्याची दया आली. एक नवरा-बायको तिच्यासमोरच भांडली, पण ते फाशीवरून नव्हतं, बायकोचा वाढदिवस आधी की नवऱ्याचा यावरून होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण वाईट माणसं नव्हती ती. त्यांनी तिला पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं, ऊन फार आहे, छत्री आणायची होती म्हणाली. त्या मुलीचं नाव निघालं की बायकांचे डोळे खरोखर भरून येत होते. त्याच डोळ्यांनी त्या तिच्याकडं बघत 'ठेवावी' म्हणत, आणि त्यांना बरं वाटे, म्हणजे आपणही काहीतरी केलं असं. तिला राग येत नव्हता. राग आला असता तर सोपं गेलं असतं. तिला वाटत होतं की आपण ही सगळी माणसं एका दारापाशी आणून सोडतो आहोत आणि दारापलीकडे काय आहे ते आपल्याला ठाऊक असून सांगत नाही. पण सांगायचं नाही हीच नोकरी होती, आणि घरी लहानपणापासून तोच नियम होता.

आणि या नोकरीत ती सगळ्यांत चांगली होती. बाकीच्यांच्या टॅबवर 'सांगता येत नाही'ची रांग लागायची, तिच्याकडे ती जवळपास नसायची. टक्केवाले मीटिंगमध्ये तिचं उदाहरण द्यायचे, "बाईंच्या आवाजात लोणी आहे, तळ्यात-मळ्यात करणारा माणूस त्या बरोब्बर एका बाजूला उतरवतात." त्यालाही ठरलेलं वाक्य होतं. कुणी सांगता येत नाही म्हणालं की लगेच नोंदवायचं नाही. एकदा हळूच विचारायचं, 'तरीसुद्धा, तुमचा कल जास्त कुठे आहे?' दुसरे हे वाक्य वीजबिल मागितल्यासारखं म्हणत. ती म्हणायची तेव्हा माणसाला वाटे, हिला खरंच जाणून घ्यायचंय. त्याच दिवशी सकाळी एका घरात एक निवृत्त शिक्षिका भेटली होती. पुस्तकांच्या कपाटाला हात टेकून ती म्हणाली, "मला नाही हो सांगता येत. त्या पोरीच्या आईला टीव्हीवर बघितलं की वाटतं, द्यावी. मग दिवा बंद केला की वाटतं, आपण हे कुणाला करायला सांगतोय?" आणि थांबली. तिच्या थांबण्यात आणखी काहीतरी येत होतं, ओठ हलत होते. तेव्हाच ते लोणी बाहेर पडलं. तरीसुद्धा, तुमचा कल जास्त कुठे आहे? शिक्षिका एकदम वर्गात उत्तर चुकलेल्या मुलीसारखी झाली आणि म्हणाली, "मग... ठेवावी, असंच म्हणा." दार लावताना ती तिच्याकडे बघत नव्हती. तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता, कंगव्यावाल्या बाईनंतर, रस्त्यानं डावा हात भिंतीकडे ठेवून चालताना, त्या शिक्षिकेचे हललेले ओठ पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येऊ लागले, आणि तिला परत जाऊन ते दार वाजवावंसं वाटलं. पण एकदा झालेल्या घरी परत जायचं नसतं.

बाबा तुरुंगाचे डॉक्टर होते. तुरुंगाच्या मागच्या बाजूला कर्मचाऱ्यांची वसाहत होती, बैठी घरं, पुढं थोडी बाग, आणि मुलांना चेंडू उंच मारू नका अशी ताकीद, कारण भिंतीपलीकडे गेला तर परत येत नसे. बाबा दिवसा कैद्यांचे खोकले, खरूज, दात बघत आणि संध्याकाळी वसाहतीतल्या बायका-मुलांचे खोकले बघत, आणि दोन्हीकडे औषध बहुतेक तेच असे. फाशीच्या शिक्षा तेव्हा अमलात येत. घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे. आदल्या दिवशी आई गप्प व्हायची, मिठाची गुळणी धरल्यासारखी, आणि भांडी उगाच दोनदा घासायची. ती आणि दादा उठत तेव्हा बाबा निघून गेलेले असत. आई केस विंचरताना सांगायची, "आज बाबा आले की त्यांना काही विचारायचं नाही. ते बोलावतील तर जायचं. पण विचारायचं नाही." दादा हुशार होता, तो अशा दिवशी मित्राकडे पळायचा. तिला बोलावणं यायचं. बाबा बाहेरच्या खोलीत खिडकीशी खुर्ची घेऊन बसलेले असत, शाळेचा गणवेश घातलेल्या तिला समोर उभी करत, आणि गळ्यातली नळी कानाला लावून तिच्या छातीवर ती गार चकती टेकवत. मग ऐकत बसत. बराच वेळ. डोळे मिटलेले असत. तिला गुदगुल्या व्हायच्या, पण हसलं तर नळीत मोठ्यानं ऐकू जातं असं त्यांनी एकदा सांगितलं होतं म्हणून ती श्वास धरून उभी राहायची, आणि श्वास धरलेला त्यांना चालत नसे. "श्वास घे," ते म्हणायचे. "घेत राहा." ती घेत राहायची. शाळेला उशीर व्हायचा, आई दाराशी येऊन जायची, काही बोलायची नाही. शेवटी ते चकती काढत आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत, "छान चाललंय." तिला त्याचा केवढा अभिमान. वसाहतीतल्या दुसऱ्या कुठल्या मुलीचे वडील तिचं हृदय ऐकत नव्हते. ती शाळेत सांगायची, माझं हृदय छान चाललंय, बाबांनी सांगितलंय. मैत्रिणी म्हणायच्या, आमचं पण ऐकतील का?

त्याचा अर्थ तिला खूप उशिरा कळला, तोही एका रविवारच्या पुरवणीतून. ते प्रकरण झाल्यावर पेपरांत जो तो फाशीवर लिहीत होता, आणि कुणा जुन्या तुरुंग अधिकाऱ्याची मुलाखत आली होती. त्यात लिहिलं होतं की खटका ओढला म्हणजे संपलं असं लोकांना वाटतं, पण हृदय लगेच थांबत नाही. ते चालू राहतं, बराच वेळ. डॉक्टरनं छातीला नळी लावून उभं राहायचं असतं. थांबल्याशिवाय काढता येत नाही, आणि तोवर कुणी बोलत नाही. ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून वाचत होती आणि आतल्या खोलीतून बाबा शब्दकोड्यातलं काहीतरी विचारत होते, पाण्यात राहणारा पक्षी, तीन अक्षरी. तिनं "बदक" असं सांगितलं. "बसलं," बाबा आतून म्हणाले. तिला पहिल्यांदा काय वाटलं हे तिनं कुणालाच सांगितलं नसतं. तिला शिसारी आली. तीच चकती, तीच गार चकती, त्या छातीवरून उचलून माझ्या छातीवर. ब्लाउजच्या आत हात घालून ती जागा पुसावी असं वाटलं, इतक्या वर्षांनी. मग ते ओसरलं आणि दुसरं काहीतरी आलं, ते अजून गेलं नव्हतं. थांबणारं ऐकून आलेला माणूस चालणारं ऐकायला घरी धावत येत होता. त्याला दुसरं कुठं जायला जागा नव्हती. आणि घरातल्या सगळ्यांनी, आईनं, दादानं, तिनं, त्याला काही न विचारण्याचा नियम इतका नीट पाळला, की तो म्हातारा झाला तरी कुणी विचारलं नाही. आईनं चांगल्यासाठीच नियम केला होता. विचारलं तर माणूस मोडेल, असं तिला वाटत असणार. आई तो नियम पाळत पाळत गेली.

पुरवणीनंतर ती रोज ठरवत होती की आज विचारू. तिला काही तपशील नको होते. तिला त्यांना एवढंच सांगायचं होतं की मला माहीत आहे, मी तेव्हा घाबरले नव्हते, आणि तुम्हाला काही बोलायचं असेल तर मी आहे. पण सकाळी गडबड असे, रात्री बाबा लवकर झोपत, आणि मग ऑफिसात हीच पाहणी आली. नेमकी हीच. बाबांना तिनं सांगितलं की साबणाची आहे. मग त्यांच्या छातीनं कुरबुर सुरू केली आणि डॉक्टरांनी सांगितलं की जिने बंद. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दादाचं घर दूरच्या शहरात, तळमजल्यावर, पुढं हिरवळ. फोनवर दादा म्हणाला, "अगं, भावना बाजूला ठेव, त्यांना वर कोंडून ठेवणार का तू?" त्याचं बरोबर होतं, त्याचं नेहमीच बरोबर असतं, तोच त्याच्यातला दोष. उद्या सकाळी दोन माणसं बाबांना खुर्चीत बसवून खाली उतरवणार होती, आणि पुन्हा ते हा जिना चढणार नव्हते हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणी म्हणत नव्हतं. म्हणजे आजची संध्याकाळ. यानंतर फोन, आणि फोनवर बाबा हवामानापलीकडे कधी जात नसत. दिवसभर ती मनात वाक्यं जुळवत होती. बाबा, तुमच्या कामाबद्दल तुम्हाला काय वाटतं? नको, फार मोघम. बाबा, त्या सकाळी तुम्हाला त्रास व्हायचा का? नको, यात उत्तर आधीच सुचवलंय, टक्केवाल्यांनी असा प्रश्न खोडला असता. मग तिला स्वतःचंच हसू आलं. आपण बापाशी बोलायची प्रश्नावली तयार करतोय.

चहाच्या दुकानात टक्केवाले वाट बघत होते. त्यांनी तिचा टॅब घेऊन आकडे वर-खाली केले आणि समाधानानं मान हलवली. "बघा, तुमच्या वस्तीत एकही 'सांगता येत नाही' नाही." तिनं विचारलं, "सर, पण ज्याला खरंच सांगता येत नाही, त्याचं काय?" त्यांनी कप खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता, प्रश्नाला उत्तर द्यायचा. "बाई, सांगता येत नाही हे मत नाही. ती मत यायच्या आधीची अवस्था आहे. आपण तिथं थांबलो तर अहवालात काय लिहिणार, की लोक विचार करताहेत?" तो त्यांचा विनोद होता आणि ते हसलेही. तीही हसली. घरी चालत जाताना तिला वाटलं, खरंच, तसं लिहिता आलं असतं तर. एवढ्या टक्के लोक विचार करताहेत, थोडं थांबा. असा अहवाल कुणी छापला नसता.

घरी पोचली तेव्हा उजेड अजून होता. बाबांची बॅग भरून भिंतीशी उभी होती. कपडे, औषधं, शब्दकोड्यांचे कागद. बाबा स्वयंपाकघरातच होते. तिनं टॅब चार्जिंगला लावला, चहा टाकला, आणि त्यांच्यासमोर बसली. त्यांनी स्वच्छ सदरा घातला होता, उद्याचाच आज, कारण सकाळी घाई नको. "दमलीस?" त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली. ते टेबलावर बोटं फिरवत राहिले, मग म्हणाले, "मला विचार की."

"काय विचारू?"

"तेच. दारोदार विचारत फिरतेस ते."

"साबणाचं तुम्हाला काय विचारायचं, बाबा? तुम्ही भांड्याच्या साबणानंसुद्धा अंघोळ कराल."

"साबणबिबण काही नाही," बाबा म्हणाले. "टीव्हीवर दाखवलं, माणसं घरोघरी जातायत म्हणून. आणि साबणाचं विचारायला कुणी असा चेहरा करून जात नाही. गेले कितीतरी दिवस बघतोय मी." ते हसले. "विचार ना. मी काय जनता नाही? की माझा वाढदिवस लांब आहे?"

ताकाला जाऊन भांडं लपवायचे दिवस संपले होते. तिनं नुसती खुर्ची जवळ ओढायची होती. बाबा, बोला, एवढं म्हणायचं होतं. तेही न म्हणता नुसतं बसायचं होतं. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते समोर येऊन बसलं होतं, स्वच्छ सदरा घालून, आणि तिला पळून जावंसं वाटलं. ती उठली आणि टॅब घेऊन आली, कारण हातात काहीतरी हवं होतं. "सराव म्हणून घेते हं," ती म्हणाली, "याची नोंद होणार नाही." बाबांनी "बरं" म्हणून सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि ताठ बसले. तिनं प्रश्न वाचला. छापलाय तसा, एक शब्द इकडचा तिकडे न करता. ठेवावी, काढून टाकावी, की सांगता येत नाही.

बाबांनी एकदा टॅबकडे बघितलं. मग म्हणाले, "मला नाही सांगता येत." आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, "एक जण होता. त्याला वरती नेताना तो मला..." आणि थांबले. त्यांचे ओठ हलत होते, शब्द येत होता, तिला तो येताना दिसत होता. आणि त्या थांबण्यात तिला तिचाच आवाज ऐकू आला, मऊ, आपुलकीचा, दिवसभर दारोदार वापरलेला. "तरीसुद्धा, तुमचा कल जास्त कुठे आहे?"

तिनं तो आवाज परत घ्यायला तोंड उघडलं, पण परत घ्यायचा कसा? बाबांनी मान वर केली. लोक बघतात तसं ते तिच्याकडे बघत होते, सौजन्यानं, आपल्यामुळं हिचं काम अडायला नको अशा बेतानं. "ठेवावी," ते म्हणाले. "लिही. ठेवावी."

"कारण?" तेही तिच्या तोंडून गेलं. पुढचा प्रश्न तोच होता.

"आता काढून टाकली," बाबा म्हणाले, "तर मग तेव्हा आम्ही ते सगळं कशाला केलं?"

"ठीक आहे," ती म्हणाली.

बाहेर कुणीतरी गाडी लावत होतं, मागं घे, मागं घे, असं सांगणं ऐकू येत होतं. बाबांनी वरचं बटण काढलं. "झालं?"

"झालं."

"पटकन होतं की," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, वेळ लागेल."

तिनं टॅब बाजूला सारला. तो टेबलावरून जवळजवळ खाली गेला असता, बाबांनीच अडवला. "बाबा, कोण होता तो? तुम्हाला काय म्हणाला?"

"कोण?"

"आत्ता तुम्ही सांगत होतात. एक जण होता म्हणून."

"असेल," बाबा म्हणाले. "एवढं आता लक्षात नाही." ज्यांना वसाहतीतल्या प्रत्येक मुलाची गोवर कुठल्या साली आली ते पाठ होतं, ते तिच्याकडे न बघता असं म्हणाले. ते खोटं बोलत होते, आणि ते तिच्यासाठी, तिला अवघड जाऊ नये म्हणून बोलत होते, हे तिला इतकं स्पष्ट कळलं की तिला रडू आलं. तिनं ते लपवलं नाही. "मी तसं विचारायला नको होतं," ती म्हणाली. "मला तसं नव्हतं विचारायचं, बाबा."

"मग कसं विचारायचं होतं?"

त्यांनी ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच ऐकायचं होतं. हात मांडीवर ठेवून ते वाट बघू लागले. तिनं शब्द शोधले. जो जो शब्द यायचा त्याच्यामागून पर्याय यायचे, होय, नाही, काही प्रमाणात. जे वाक्य सुरू व्हायचं ते शेवटी प्रश्नचिन्हापाशी नीट उभं राहून उत्तराची वाट बघायचं, आणि तिला वाटायचं, नको, हेही तसलंच. आईचा नियम मोडून बोलण्याची भाषा तिनं कुठंच शिकलेली नव्हती. चहा उकळून उतू गेला, त्याचा वास पसरला, तरी दोघंही उठली नाहीत. बाबा थांबले. त्यांना थांबायची सवय होती. मग त्यांना दिसलं असावं की काही येणार नाही, कारण त्यांनी पुढं वाकून तिच्या हातावर हात ठेवला, आणि समजूत घालावी तसं म्हणाले, "राहू दे. छान विचारतेस तू. माणूस उत्तर देऊन मोकळा होतो."